उंबरठ्यावरची चौकी



ज्या दंतवैद्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्याची पायरी मी प्रथम चढलो तो किडलेली दाढ घेऊन, आणि अखेरची चढलो तो त्यांच्याकडून काही शिकण्यासाठी. मधल्या काळात मी रक्तविकारांचा वैद्य झालो होतो, आणि आमच्या दोघांच्या विद्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे मला बरीच वर्षे वाटलेही नव्हते. तो संबंध त्यांनी दाखवून दिला. एक शिक्षिकाबाई हिरड्या फुगल्या, सकाळी उशीवर रक्ताचे डाग दिसतात, तेव्हा ही हलणारी दाढ काढून टाका, असा आग्रह धरून त्यांच्यापुढे बसल्या होत्या. त्यांनी हिरडीवर आरसा धरला, बराच वेळ पाहिले, हातातला चिमटा परत ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "बाई, दाढेचं मागाहून पाहू, आधी रक्त तपासून या." दोन दिवसांनी त्या बाई रक्ताचा अहवाल घेऊन माझ्यापुढे बसल्या. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात अपक्व पेशी हिरड्यांत शिरून त्यांना फुगवतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते; त्यांनी ते पाहिले होते. त्या दिवशी दाढ उपटली गेली असती, तर रक्त थांबता थांबले नसते. आजचा विषय मी त्यांच्या आरशाखालून उचलला आहे, असे आपण समजावे.

मुखात सूक्ष्म जीव वास करतात ही वार्ता मनुष्यजातीला प्रथम दिली ती कोणा वैद्याने नव्हे, तर हॉलंडमधील डेल्फ्ट शहराच्या एका कापडव्यापाऱ्याने. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा गृहस्थ शहराच्या कचेरीत चाकरी करी आणि उरलेल्या वेळात भिंगे घाशी. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीस धाडलेल्या पत्रात त्याने लिहिले, की आपण रोज मिठाने दात घासत असूनही दातांच्या फटीत जो पांढरट लगदा साठतो, तो पावसाच्या पाण्यात कालवून पाहिला असता त्यात असंख्य जीव मोठ्या चपळाईने फिरताना दिसतात. पुढे त्याने एका वृद्धाच्या तोंडातील लगदा तपासला. त्या वृद्धाने जन्मात कधी दात घासलेले नव्हते, आणि तेथील वस्ती तर त्याच्या कल्पनेपलीकडची निघाली. ही त्या मुलखाची पहिली खानेसुमारी होय. आज आपण जाणतो की, मनुष्याच्या मुखात सूक्ष्मजीवांच्या सुमारे ७०० जाती आढळतात, लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या घरात जंतू असतात, आणि ती लाळ आपण दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर गिळत असतो. इतके असून आपण निरोगी राहतो, याचे आश्चर्य मला पन्नास वर्षांच्या वैद्यकीनंतरही वाटते.

निरोगी राहतो, कारण ही वस्ती परक्यांची नाही. जन्मानंतर काही तासांतच ती आपल्या मुखात येऊन राहू लागते. जागा अडवून धरून ती उपद्रवी आगंतुकांस ठाव मिळू देत नाही. आणि तिच्या व आपल्या रक्ताच्या मध्ये दोन बंदोबस्त अहोरात्र उभे असतात. एक भिंत आणि दुसरी चौकी. भिंत म्हणजे गाल, जीभ, ओठ यांचे ओलसर अस्तर. चौकी म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. या पेशी हिरडी आणि दात यांच्या सांध्यातून सतत पाझरून बाहेर येतात आणि तेथेच जंतूंना गिळून स्वतः मरतात. अस्थिमज्जा दररोज अशा सुमारे दहा हजार कोटी पेशी तयार करते, आणि त्यांचे रक्तातले आयुष्य एका दिवसाच्या आसपासचे. एवढा मोठा खर्च देहाने विनाकारण मंजूर केलेला नाही.

आता रक्ताच्या कर्करोगाकडे वळू. १८४५ साली एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथे रुडॉल्फ फिरखो या दोघांनी, एकमेकांस न विचारता, एकाच विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मृताचे रक्त पांढऱ्या पेशींनी इतके भरलेले, की बेनेटला वाटले, रक्तातच पू झाला आहे. फिरखोने ते मत मानले नाही आणि दोन वर्षांनी त्या विकारास ग्रीक शब्द जोडून 'पांढरे रक्त' या अर्थाचे नाव दिले. तेच आजचे ल्युकेमिया. पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या, मग जंतूंचे भय कसले, अशी शंका आपल्या मनात येईल, आणि माझे विद्यार्थी ती दरवर्षी विचारीत. त्यांना मी पेशवाईतील हजेरीपटाचे उदाहरण देई. पटावर हजार शिलेदारांची नावे, हजारांचा पगार खजिन्यातून जातो, आणि मोहिमेच्या दिवशी चौकीवर पाहावे तर कोणी नाही. तीव्र ल्युकेमियाच्या पेशी अशाच पटावरच्या असतात. त्या अपक्व असतात, जंतू गिळण्याची विद्या त्यांना येत नाही, आणि अस्थिमज्जेतील सारी जागा त्यांनी अडवल्यामुळे खरा शिपाई जन्मासच येत नाही.

या रोगाशी आपल्या मुंबईचे एक दुःखद आणि तितकेच उपकारक नाते आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात ल्युकेमियानेच वारल्या. त्यांच्या नावाने रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी न्यास निघाला, आणि सर दोराबजींच्या मागे त्यांच्या न्यासाने परळ येथे जे रुग्णालय उभारले, त्याचे दार २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. टाटा रुग्णालय म्हणून अवघा महाराष्ट्र ज्यास ओळखतो आणि मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या खेड्यांत ज्याचे नाव नुसते 'टाटा' एवढेच घेतले जाते, ते हे. रक्ताच्या कर्करोगाने झालेल्या एका मृत्यूची ती वास्तू आठवण आहे, हे तेथल्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या काळी औषध नव्हते. ते आले १९४८ साली. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ॲमिनॉप्टेरिन नावाचे द्रव्य १६ मुलांना दिले आणि त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला. हे द्रव्य ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिचे संशोधनप्रमुख भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपण अभिमानाने सांगावे. परंतु फार्बर यांनी या प्रयोगाविषयी लिहिलेल्या निबंधातच औषधाच्या विषारी परिणामांची नोंद करताना मुलांचे तोंड येऊन व्रण पडू लागल्याचेही नमूद आहे. म्हणजे आजच्या आपल्या विषयाचा पहिला दाखला, औषधाच्या पहिल्या यशाच्या दप्तरातच दाखल झालेला आहे. असे का व्हावे? जी औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात, ती कर्करोगाची पेशी आणि देहाची पेशी असा भेद जाणत नाहीत. मुखाचे अस्तर एकदोन आठवड्यांत नवे होत असते. त्याच्या तळच्या थरातील पेशी सतत विभागत असतात. औषधाने तो क्रम थांबला, की वरचा थर झिजत जातो आणि खालून नवा येत नाही. केमो, म्हणजे या औषधांचा उपचार, सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आसपास तोंड सोलवटते, व्रण पडतात, घोटभर पाणीही निखाऱ्यासारखे लागते. आणि नेमक्या त्याच सुमारास, किंवा किंचित मागाहून, रक्तातील न्यूट्रोफिलांची संख्या तळास जाते. रुग्णांच्या आप्तांच्या भाषेत, 'काउंट गेला'. भिंत पडली त्याच आठवड्यात चौकी उठली. हा योग साऱ्या संकटाचे मूळ आहे, आणि तो पुरता ध्यानात ठेवला तर पुढचे सर्व आपोआप समजते.

चौकी उठल्याने किती बिघडते याचा हिशेब १९६६ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या पेशींची मोजणी आणि त्यांना झालेले जंतुसंसर्ग यांचा त्यांनी ताळा घेतला. निरोगी मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणतः २,००० ते ७,००० न्यूट्रोफिल असतात. ते १,००० च्या खाली गेले की संसर्ग वाढू लागतात, ५०० च्या खाली अधिक, आणि १०० च्या खाली ते सर्वांत भयंकर होतात. जितके दिवस ही अवस्था टिकेल, तितके भय चढत जाते. आज जगातील प्रत्येक रक्तविकार-विभागात ५०० हा आकडा उंबरठ्यावर कोरल्यासारखा मानला जातो, तो या हिशेबामुळे.

आता जंतूंची नावे. मुखात विपुल असलेल्या स्ट्रेप्टोकॉकस कुळातील एका गटास 'व्हिरिडान्स' म्हणतात, म्हणजे हिरवे करणारे. रक्त घातलेल्या थाळीवर वाढवले असता ते आपल्याभोवती हिरवट वलय उमटवतात. माइटिस आणि ओरॅलिस या त्यांच्या जाती तुमच्याआमच्या गालांवर, जिभेवर जन्मभर बिनतक्रार राहतात. वैद्यकाने त्यांना पुष्कळ काळ निरुपद्रवी मानले; रक्ताच्या तपासणीत ते उगवले तर हात नीट धुतले नसतील, म्हणून काही वेळा अहवाल बाजूस सारला जाई. मग १९८० नंतरच्या काळात ठिकठिकाणच्या रुग्णालयांतून निराळेच वर्तमान येऊ लागले. सायटॅराबिन या औषधाच्या मोठ्या मात्रा घेतलेल्या, तोंड फार आलेल्या रुग्णांच्या, त्यातही मुलांच्या, रक्तात हेच स्ट्रेप्टोकॉकस उतरत होते. काहींचा रक्तदाब एकाएकी कोसळत होता आणि फुप्फुसे पाण्याने भरत होती. यास औषधांचाही हातभार होता. आतड्यातील जंतूंविरुद्ध प्रतिबंध म्हणून जी प्रतिजैविके दिली जात, त्यांना हे मुखवासी फारसे जुमानत नसत, आणि मैदान त्यांना मोकळे मिळे. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. दातांच्या मुळाशी प्राणवायूवाचून जगणारे फ्युझोबॅक्टेरियम, लेप्टोट्रिकिया. जिभेवर दह्याच्या कवडीसारखी पांढरी साय धरणारी कॅन्डिडा नावाची बुरशी. बालपणी येऊन मज्जातंतूंत लपून बसलेला नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू. हे सारे याच संधीची वाट पाहत असल्यासारखे उठतात. आपल्याकडील रुग्णालयांत तर आतड्यातून येणारे, अनेक औषधांना दाद न देणारे क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनास यांचाच भरणा अधिक असतो, आणि आजाऱ्याच्या मुखात त्यांचीही वस्ती होऊ लागते. तेव्हा मुख हे एकमेव दार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु डोळ्यांनी पाहता येईल असे दार हे एकच आहे.

आणि ते पाहिले जात नाही. येथे मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आजवर जाहीरपणे बोललो नव्हतो. मी एका मोठ्या रुग्णालयात निवासी वैद्य होतो. सतरा वर्षांचा एक मुलगा तीव्र ल्युकेमियासाठी दाखल झाला होता. केमोच्या अकराव्या दिवशी त्यास ताप भरला. न्यूट्रोफिल १०० च्या खाली. आम्ही छातीचे चित्र काढले, ते स्वच्छ. लघवी स्वच्छ. शिरेतील नळी बदलली. प्रतिजैविक सुरू केले, तरी ताप हटेना. त्याची आई माझ्या मागे व्हऱ्हांड्यात दोनदा येऊन म्हणाली, "डॉक्टर, त्याची मागची दाढ रातभर ठणकती." केमोने तोंड यायचेच, असे उत्तर मी तिला दोन्ही वेळा दिले. चौथ्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी बॅटरी मागवून त्याचा जबडा उघडला. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा जो पदर असतो तो काळा पडला होता. पू नव्हता, सूज नावापुरती. रक्तात उगवलेला जंतू मुखातलाच निघाला. औषध बदलले, पण मुलगा सहाव्या दिवशी गेला. त्याच्या दाखल्याच्या कागदावर, तपासणीच्या छापील रकान्यात, 'तोंड' या शब्दापुढे माझ्या अक्षरात 'विशेष काही नाही' असे लिहिलेले होते. मी ते न पाहता लिहिले होते.

पू नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पू म्हणजे तरी काय? लढून मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग. जेथे शिपाईच नाहीत तेथे प्रेते कोठून पडणार? म्हणून या रुग्णाचे गळू फुगत नाही, हिरडी लाल होत नाही, गाल सुजत नाही; त्याच्याजवळ सांगायला वेदना आणि ताप एवढेच उरते. त्याची वेदना हीच सूज समजावी आणि 'ठणकते' हा शब्द आईच्या तोंडून आला, तर तो तपासणीचा अहवाल समजावा.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग सर्वांचे सारे शंकास्पद दात काढूनच टाकावे. हा मार्गही वैद्यकाने चालून पाहिला आहे, आणि त्याचा इतिहास सांगताना मला लाज वाटते. १९१० साली लंडनचे विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात कुजलेल्या मुळांवर सोन्याची टोपणे चढवणाऱ्या दंतविद्येवर कडाडून टीका केली. टीका न्याय्य होती. परंतु पुढची तीसेक वर्षे संधिवातापासून मनोविकारापर्यंत प्रत्येक दुखण्याचे खापर दातांवर फोडून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असंख्य माणसे बोळकी करण्यात आली. न्यूजर्सीतील ट्रेंटनच्या वेड्यांच्या इस्पितळात तर बुद्धी ताळ्यावर यावी म्हणून रुग्णांचे दात सरसकट उपटले गेले. रक्तकर्करोगाच्या बाबतीत हॉलंडमधील संशोधकांनी २०१६ साली असे दाखवले, की ज्यांचा त्रास नाही असे जुने, शांत दंतदोष तसेच ठेवले, तरी तीव्र केमोच्या काळातील संसर्ग त्यामुळे वाढत नाहीत. दुखणारी, सुजणारी, वरचेवर डोके वर काढणारी दाढ मात्र वेळ असेल तर आधी काढावी. आणि जखम भरून येण्यास काउंट पडण्यापूर्वी दहा ते चौदा दिवस मिळावेत. तीव्र ल्युकेमियात तितकी सवड बहुधा नसते. रोग आठवड्याची मुदत देत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पन्नास हजारांच्या खाली असतील तर त्या चढवल्यावाचून दात काढता येत नाही. मायलोमा, लिम्फोमा या कर्करोगांत, किंवा अस्थिमज्जा-रोपणाची तारीख ठरलेली असता, सवड असते, आणि तीच पुष्कळदा वाया जाते. परळच्या रुग्णालयात १९८३ साली देशातील पहिले अस्थिमज्जा-रोपण झाले, त्यास चाळीस वर्षे लोटली. तरीही तालुक्याच्या गावातून रोपणासाठी निघालेला रुग्ण हृदयाची, फुप्फुसांची, मूत्रपिंडांची तपासणी करून येतो, आणि दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलात काय, असे त्यास कोणी विचारलेले नसते.

राहता राहिला रोजचा शिरस्ता, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच. पूर्वी आम्ही पेशी कमी झाल्या की ब्रश बंद करायला सांगत असू. ते चुकीचे होते. अगदी मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा दात घासणे चालू ठेवावे. हिरडीतून रक्त थांबत नसेल तरच काही दिवस ओला कापूस फिरवावा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा चमचाभर मीठ आणि तितकाच खाण्याचा सोडा घालून दर तीनचार तासांनी गुळण्या कराव्यात. मद्यार्क असलेली झणझणीत औषधे टाळावीत. कवळी रात्री काढून स्वच्छ ठेवावी. रोपणापूर्वी मेल्फालान हे औषध शिरेतून जात असताना तोंडात बर्फाचे खडे चघळत ठेवले, तर गारठ्याने तेथील रक्तवाहिन्या आकसतात, औषध अस्तरापर्यंत कमी पोचते आणि तोंड कमी येते. इतका स्वस्त उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो. आमच्या सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातवणाची प्रशंसा करून लगेच असे बजावले आहे, की ज्याचे तोंड आले आहे, ज्याच्या टाळूस, जिभेस, ओठास विकार आहे, त्याने दातवण चावू नये. आणि तोंडात फिरवायचा तो कवल व तोंड भरून नुसता धरायचा तो गंडूष, असा गुळण्यांचाही भेद तेथे केला आहे. जंतूंची वार्ता नसलेल्या काळी केवळ निरीक्षणाने हा विवेक साधला गेला, याचे मला अपार कौतुक वाटते. त्याच मुलखात आज पुष्कळ घरांत आयाबाया दात स्वच्छ होतात या समजुतीने मिश्री लावतात. ती तंबाखू आहे, भाजलेली तंबाखू. हिरड्यांची ती राख करते, आणि रक्ताच्या रुग्णाच्या घरात तरी तिची डबी त्याच दिवशी बाहेर गेली पाहिजे.

आणि ताप. काउंट पडलेला असता अंगात १००.४ अंश ताप तासभर टिकला, किंवा एकदाच १०१ गेला, तर ती आणीबाणी आहे. घरी क्रोसिन देऊन तो उतरवू नये, सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयाच्या दारात पोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविक शिरेत गेले पाहिजे. काही मुले हे एक वाक्य घरात ठाऊक होते म्हणून वाचली, आणि काही ते ठाऊक नव्हते म्हणून गेली, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु उकळलेले पाणी म्हणणे सोपे, मिळवणे कठीण. केमोचे दिवस रुग्णालयाच्या खाटेवर थोडे आणि बाहेर अधिक जातात. परळच्या पदपथावर ताडपत्री बांधून राहिलेल्या कुटुंबाने दिवसातून सहा वेळा पाणी कोठे उकळावे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना आसरा देते. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या त्या पुरुषाचे नाव या कामास लागावे, यापरते उचित ते काय! अशा एका धर्मशाळेत मी निवृत्तीनंतर अधूनमधून जातो. मागे तेथे विदर्भातून आलेले एक शेतकरी होते. मुलगी आठ वर्षांची. पहाटे पाच वाजता उठून ते सामाईक चुलीवर पाणी उकळत, त्यात मीठसोडा घालून दोन बाटल्या भरत आणि शाळेच्या वहीत प्रत्येक गुळणीपुढे वेळ लिहीत. शेजारी, वेगळ्या शाईत, त्या दिवसाचा काउंट. ८०. ६०. १२०. त्या वहीत एक रात्र अशीही होती, की दोन वाजता ताप भरला आणि पावणेतीनला ते मुलीस खांद्यावर घेऊन रुग्णालयात हजर होते. तेही त्यांनी लिहून ठेवले होते. मी गेलो त्या दिवशी शेवटचा आकडा ६४० होता. मी माझ्या गुरुतुल्य स्नेह्यांचा, त्या दंतवैद्यांचा, तो आरसा खिशातून काढला, मुलीने जबडा उघडला, आणि गालाच्या आत आठवड्यापूर्वी जेथे व्रण होता तेथे नवे, गुलाबी, पातळ अस्तर आलेले दिसले. वडिलांनी वहीत तसे टिपून घेतले. मग त्यांनी विचारले, "साहेब, दुधात कुस्करून भाकर देऊ का हिला?" मी हो म्हणालो, तेव्हा ते वही मिटून आधी पाणी तापवायला गेले.